मण्यांतलं यकृत

उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून टाकला, तरी उरलेला तुकडा आठ-दहा दिवसांत वाढून जवळजवळ मूळच्या वजनाला येतो. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ मध्ये ही शस्त्रक्रिया नीट बसवून दाखवली, आणि यकृताच्या वाढीवर काम करणारे लोक आजही तीच शिकतात. माणसाचंही तसंच आहे. आई आपल्या यकृताचा मोठा भाग मुलाला देते आणि काही महिन्यांत दोघांच्याही पोटात कामापुरतं यकृत तयार झालेलं असतं. शरीरातला दुसरा कुठलाही मोठा अवयव इतकं करत नाही. तेव्हा असल्या चिवट अवयवाची पेशी प्रयोगशाळेत वाढवायला अगदी सोपी असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती भलतीच नखरेल निघते. शरीराबाहेर काढून प्लॅस्टिकच्या बशीत ठेवली की ती दुणावायचं नाव घेत नाही, आणि आठवड्याभरात आपण यकृताची पेशी आहोत हेच विसरते.

मुळात जिवंत यकृतपेशी हाती लागायलाच बराच काळ जावा लागला. पूर्वी यकृताचे तुकडे करून ते जाळीतून दाबून काढत. पेशी सुट्या व्हायच्या, पण बहुतेक मेलेल्या. १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी युक्ती बदलली. बाहेरून रगडण्यापेक्षा त्यांनी यकृताच्याच रक्तवाहिन्यांतून पेशींना धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन तोडणारं कोलॅजिनेज नावाचं विकर सोडलं. आज ही पद्धत दोन टप्प्यांत करतात. आधी कॅल्शियम नसलेलं कोमट क्षारांचं पाणी आत सोडायचं. रक्त धुऊन जातं आणि गडद तांबडं यकृत बघता बघता फिकट बदामी होतं. कॅल्शियम गेलं की पेशींना एकमेकींशी बांधणारे दुवे सैल पडतात. मग विकर सोडायचं. काही मिनिटांत यकृताच्या पृष्ठभागावर बोटाने दाबलेला खळगा तसाच राहायला लागतो, म्हणजे आतली वीण सुटली. वरचं पातळ आवरण फाडून ते थंड द्रवात हलकेच हलवलं की पेशींचा ढग बाहेर येतो. तो गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी सावकाश फिरवतात, गुरुत्वाच्या जेमतेम पन्नास पट. यकृतपेशी मोठ्या आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात, बाकीच्या वर तरंगत राहतात. शेवटी ट्रायपॅन ब्लूचा थेंब. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग आत येऊ देत नाहीत.

इथपर्यंत सगळं ठीक. या पेशी कोलॅजनचा पातळ थर दिलेल्या बशीत टाकल्या की काही तासांत चिकटतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणं दृश्य असतं: कोनदार पेशी एकमेकींना लागून बसलेल्या, कित्येकींत दोन-दोन केंद्रकं, आणि दोन पेशींच्या मधोमध चकाकणारी एक रेघ. ती रेघ म्हणजे पित्त वाहून नेणारी इवलीशी नळी. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती रेघ पुसट होते, पेशी पसरतात, लांबट होतात, कडेला पाय फुटल्यासारख्या दिसू लागतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवणं मंदावतं. औषधं मोडून काढणारी सायटोक्रोम पी-४५० ही विकरं तर त्याच्याही आधी, पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने घसरतात. पेशी मेलेली नसते. ती जिवंत असते, खाते-पिते, पण यकृताचं काम सोडून देते.

असं का होतं, याचं थोडं उत्तर मटणाच्या दुकानातून आणलेली कलेजी हातात घेतली की मिळतं. ती मऊ, ओलसर, बोटाखाली दबणारी असते. फॅटी लिव्हरच्या शंकेने ज्यांनी यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घेतला आहे त्यांनी रिपोर्टमध्ये किलोपास्कल हे एकक पाहिलेलं असेल. निरोगी यकृताचा आकडा साधारण दोन ते सहाच्या दरम्यान येतो, आणि बारा-तेराच्या पुढे गेला की डॉक्टर सिरॉसिसची, म्हणजे व्रणांनी टणक झालेल्या यकृताची, भाषा सुरू करतात. प्रयोगशाळेतली बशी पॉलिस्टायरिनची असते. तिचा कडकपणा त्याच मापात काही लाख पट भरतो. म्हणजे निरोगी यकृतातून काढलेली पेशी आपण अशा जमिनीवर ठेवतो की तिच्यापुढे सिरॉसिसचं यकृतही लोण्यासारखं वाटावं. शिवाय बशी सपाट असते. शरीरात यकृतपेशीची एक बाजू रक्ताकडे असते, एक पित्तनळीकडे, आणि उरलेल्या बाजूंना बहिणी. बशीत तिला खाली प्लॅस्टिक आणि वर पाणी, एवढंच मिळतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मुख्यतः औषधांसाठी. आपण गिळलेली जवळपास प्रत्येक गोळी आधी यकृतातून जाते, आणि तिथे तिचं काय रूपांतर होतं यावर ती औषध ठरणार की विष, हे अवलंबून असतं. पॅरासिटॅमॉलचंच बघा. ठरल्या मात्रेत ते बिनधास्त घ्यावं असं औषध. पण मात्रा फार झाली तर यकृतातली विकरं त्यापासून एक जहाल पदार्थ बनवतात आणि तो बनवणाऱ्या पेशीलाच मारतो. १९९३ मध्ये अमेरिकेत हेपटायटिस बी वर फायालुरिडीन नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. उंदीर, कुत्रे, माकडं या सगळ्यांत यकृताला काही झालं नव्हतं. माणसांत चाचणी सुरू झाली तेव्हा पंधरा रुग्णांपैकी सात जणांचं यकृत निकामी झालं. पाच जण दगावले, दोघं यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले. माणसाच्या पेशीत हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आत शिरत होतं. उंदराच्या पेशीत त्याला तिथे जायला दारच नव्हतं. पुढे माणसाच्या यकृतपेशींचे गोळे करून त्यांना कित्येक आठवडे हे औषध देत राहिल्यावर त्याचा विषारीपणा बशीतही दिसून आला. यातले ‘कित्येक आठवडे’ महत्त्वाचे. तीन दिवसांत काम विसरणारी पेशी असला निकाल देऊच शकत नाही.

पेशी विसरू नये म्हणून पहिला मोठा उपाय सापडला तो अगदी साधा होता. १९८९ मध्ये बॉस्टनमध्ये जेम्स डन, मार्टिन यार्मुश, रोनाल्ड टॉम्पकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतपेशी कोलॅजनच्या जेलवर पसरल्या आणि वरून कोलॅजनच्याच जेलचा दुसरा थर ओतला. याला सरळ सँडविच म्हणतात. खाली एकच थर असलेल्या पेशी एक-दोन आठवड्यांत थकल्या. दोन थरांमधल्या पेशी सहा आठवडे अल्ब्युमिन बनवत राहिल्या. पोषक माध्यम तेच, पेशी त्याच, तापमान तेच. बदल एवढाच, की पेशीला वरूनही कुणीतरी धरलं. मला या क्षेत्रातला हा सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो, कारण पुढची तीस-पस्तीस वर्षं लोक याच निष्कर्षाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढत आहेत.

जेल म्हणजे तरी काय? पाण्यात लांब साखळ्यांचे रेणू सोडायचे आणि त्यांना जागोजागी एकमेकांशी गाठी मारायच्या. पाणी त्या जाळ्यात अडकतं. वजनाने नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलं तरी ते वाहत नाही. वैद्यकासाठी मुद्दाम बनवलेल्या अशा जेलची सुरुवात प्रागच्या ओट्टो विख्टर्ले यांच्यापासून मोजतात. त्यांनी आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये असल्या पदार्थाबद्दल लिहिलं, आणि १९६१ च्या नाताळात विख्टर्लेंनी घरी मुलांच्या मेर्कुर नावाच्या जोडणी-खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवण्याचं यंत्र उभं केलं. डोळ्याला जे जेल सहन होतं ते पेशीलाही होईल, ही कल्पना तिथूनच मूळ धरत गेली.

पेशी कोंडण्यासाठी मात्र सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं जेल समुद्रातून येतं. तपकिरी समुद्रशेवाळातलं अल्जिनिक आम्ल स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १८८१ च्या सुमारास वेगळं केलं. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर वाढणारं सरगॅसम याच कुळातलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्यापासून अल्जिनेट काढण्याचा उद्योगच आहे. तुम्ही ते तोंडात धरलेलंही असण्याची शक्यता आहे. कवळीचं किंवा दाताच्या कॅपचं माप घेताना दंतवैद्य जी गुलाबी पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरून दातांवर दाबतात ती बहुधा अल्जिनेटची असते, आणि दोन-तीन मिनिटांत ती घट्ट होते ती कॅल्शियममुळे. अल्जिनेटच्या साखळीत ग्युल्युरॉनिक आम्लाचे पट्टे असतात आणि त्यांना नागमोडी वळणं असतात. दोन साखळ्या समोरासमोर आल्या की त्या वळणांत कॅल्शियमचे अणू बरोबर बसतात, ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. शास्त्रीय लिखाणातही या रचनेला अंड्यांच्या खोक्याचंच नाव आहे. गंमत म्हणजे यात तापवणं नाही, आम्ल नाही, कुठलं जहाल रसायन नाही. पेशी मध्ये असतानाच हे घडू शकतं. आणि सायट्रेट घातलं की ते कॅल्शियम ओढून घेतं, जेल विरघळतं, पेशी परत मोकळ्या.

कृती ऐकायला स्वयंपाकासारखी सोपी आहे. प्रयोगशाळेत मात्र तिच्या प्रत्येक पायरीला खोड आहे. सोडियम अल्जिनेटची पावडर पाण्यात एकदम टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्याच राहतात, म्हणून ढवळत ढवळत चिमटीचिमटीने भुरभुरायची. दीड-दोन टक्क्यांचं द्रावण मधासारखं दाट होतं. ते निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालावं तर उष्णतेने साखळ्या तुटतात आणि जेल कच्चं पडतं. गाळावं तर जिवाणू अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून ते पुढे सरकत नाही, सिरिंज दाबून अंगठा दुखायला लागतो. मग त्यात पेशी मिसळायच्या, मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास, बुडबुडे येऊ न देता. भरलेली सिरिंज कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणावर धरायची आणि थेंब सोडायचे. नुसत्या वजनाने पडणारा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा होतो आणि तो फार मोठा. त्यामुळे सुईभोवती हवेचा झोत सोडतात किंवा सुई आणि भांडं यांच्यामध्ये काही हजार व्होल्टचा दाब देतात. त्याने थेंब लहान असतानाच सुटतो आणि अर्ध्या मिलिमीटरचे, पारदर्शक मणी तळाशी जमायला लागतात. उंची चुकली किंवा द्रावण जास्त दाट झालं की मण्याला शेपूट येतं. शेपटीचे मणी दिसायला मजेशीर असतात, पण मणी पुढे प्राण्याच्या किंवा रुग्णाच्या पोटात सोडायचे असतील तर टोकदार आकाराला शरीर अधिक चिडतं, तेव्हा ते टाकूनच द्यावे लागतात.

पाच-दहा मिनिटांत मणी काढून धुवायचे, कारण इतकं कॅल्शियम पेशींना फार वेळ मानवत नाही. धुवायला हाताशी असलेलं नेहमीचं फॉस्फेटचं द्रावण घेतलं तर सगळं गढूळ होतं: फॉस्फेट कॅल्शियम पळवतं आणि पांढरा साका करतं, मणी फुगून मऊ पडतात. म्हणून फॉस्फेट नसलेलं सलाइन वापरतात. पुढे ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये, इन्सुलिन आणि डेक्सामिथॅसोन घातलेल्या माध्यमात मणी तरंगत राहतात. माध्यम दर दिवसाआड बदलायचं आणि काढलेल्या जुन्या माध्यमात अल्ब्युमिन आणि युरिया किती आला ते मोजायचं. पेशी काम करते की नुसती जगते, हे तिथेच कळतं.

पेशी पडद्याआड ठेवायची कल्पना यकृतासाठी सुचलेली नव्हती. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या टॉमस चँग यांनी १९५७ मध्ये वसतिगृहातल्या खोलीत पातळ पडद्याच्या इवल्या पिशव्यांत हिमोग्लोबिन भरलं आणि त्यांना कृत्रिम पेशी म्हटलं. १९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पुंजके अल्जिनेटच्या मण्यांत कोंडून मधुमेही उंदरांच्या पोटात सोडले. एकाच वेळच्या रोपणाने त्यांची साखर दोन-तीन आठवडे ताब्यात राहिली. युक्ती अशी, की जेलच्या भोकांतून साखर, ऑक्सिजन, इन्सुलिन ये-जा करतात, पण परक्या पेशीला मारायला निघालेली प्रतिकारपेशी आत शिरू शकत नाही. दशकभराच्या आत हीच युक्ती यकृतपेशींवर वापरली गेली. जन्मतःच बिलिरुबिन बाहेर टाकू न शकणारे, सदैव काविळीने पिवळे असलेले गन जातीचे उंदीर यासाठी हुकमी ठरले: मण्यांतल्या पेशी काम करत असतील तर बिलिरुबिन उतरणार.

पण अल्जिनेटमध्ये एक मोठी उणीव आहे, आणि ती त्याच्या गुणातूनच येते. ते पेशीशी बोलत नाही. शरीरात पेशीभोवती असलेल्या तंतूंवर तिला पकड घेण्यासाठी ठरावीक जागा असतात, आणि त्या पकडीतूनच तिला कळतं की आपण कुठे आहोत. अल्जिनेटवर अशी एकही जागा नाही. मण्यात एकट्या पडलेल्या यकृतपेशीला ना जमीन मिळते, ना शेजारीण. उपाय दोन दिशांनी शोधले गेले. एक म्हणजे जेलवरच पकडीच्या खुंट्या ठोकायच्या. १९८४ मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं होतं की फायब्रोनेक्टिनसारख्या प्रचंड प्रथिनातली पकडीची जागा केवळ काही अमिनो आम्लांची असते. तेवढा तुकडा प्रयोगशाळेत बनवून कुठल्याही जेलला जोडता येतो. यकृतपेशीची आणखी एक खास ओढ आहे, ती म्हणजे गॅलॅक्टोज. तिच्या पृष्ठभागावर ही साखर ओळखून धरणारा ग्राहक असतो, म्हणून गॅलॅक्टोज जोडलेल्या जेलवर ती आपणहून बसते. दुसरी दिशा म्हणजे पेशींना आधी एकत्र गोळा होऊ द्यायचं, त्यांचे शंभरेक मायक्रॉनचे गोळे झाल्यावर ते जेलमध्ये ठेवायचे. शेजारणी मिळाल्या की जेल मुकं असलं तरी फारसं बिघडत नाही, असं दिसतं. मला दुसरी वाट अधिक शहाणी वाटते. पेशीला काय हवं हे आपण ओळखण्यापेक्षा पेशींनाच एकमेकींना सांगू द्यावं.

एमआयटीतल्या, भारतीय वंशाच्या संगीता भाटिया यांनी दोन्ही वाटा एकत्र आणल्या. त्यांनी जेल घेतलं पॉलिइथिलिन ग्लायकॉलचं. हेच रसायन बद्धकोष्ठावर पाण्यात घालून प्यायच्या पावडरीत असतं, म्हणजे शरीराला ते चांगलंच परिचित. त्याच्या साखळ्यांच्या टोकांना प्रकाशाने जुळणारे गट लावले, पकडीचे तुकडे जोडले, पेशी मिसळल्या आणि वर नक्षी कापलेला मुखवटा ठेवून अतिनील प्रकाश टाकला. प्रकाश पडला तिथे जेल झालं, बाकीचं धुऊन गेलं. असे थरावर थर देत २००७ मध्ये त्यांच्या गटाने मधून द्रव खेळवता येईल अशी यकृत-ऊतीची जाळी बनवली. २०११ मध्ये माणसाच्या यकृतपेशी असलेले जेलचे तुकडे उंदरांत बसवून, माणूस एखादं औषध कसं मोडतो हे उंदराच्या रक्तात वाचता येतं, असं त्यांनी दाखवलं.

द्रव खेळवायची गरज का, तर ऑक्सिजन. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा यकृताला जातो, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक पेशी रक्तवाहिनीला टेकून बसलेली असते. जेलमध्ये रक्तवाहिनी नाही. ऑक्सिजनला झिरपतच जावं लागतं आणि शे-दोनशे मायक्रॉनच्या पुढे तो पुरत नाही, कारण वाटेतल्या पेशीच तो खाऊन टाकतात. मोठ्या मण्याचा काप घेऊन बघितला तर बाहेरचं कडं जिवंत आणि मधला गाभा मेलेला दिसतो. मणी लहान करावा, नाहीतर पेशी विरळ ठेवाव्यात. पण विरळ ठेवल्या की हिशेब कसा फसतो ते पाहा. माणसाच्या यकृतात शंभर अब्ज किंवा त्याहून जास्त यकृतपेशी असतात. मिलिलिटरला दहा लाख या दराने त्यांना शंभर लिटर जेल लागेल. यकृताच्या दहाव्या हिश्शाचं काम भागवायचं म्हटलं तरी दहा लिटर. वर्तमानपत्रात ‘प्रयोगशाळेत यकृत बनवलं’ असा मथळा येतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. बनवलेली असते ती बहुधा नखाएवढी ऊती. २०१५ मध्ये बंगळूरच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीने थ्री-डी प्रिंटरने छापलेल्या यकृत-ऊतीची घोषणा केली तेव्हाही उद्देश औषधांची चाचणी हा होता. ते काम मोलाचं आहेच, पण त्याचा आणि दीड किलोच्या अवयवाचा संबंध लावणं बरोबर नाही.

तरीही रुग्णापर्यंत काही पोचलेलं आहे. अचानक यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत एक आशेची बाजू असते: त्याला काही दिवस कसंबसं तारून नेलं तर त्याचं स्वतःचं यकृत पुन्हा वाढू शकतं. म्हणजे मण्यांनी आयुष्यभर टिकायची गरज नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल धवन यांच्या गटाने माणसाच्या यकृतपेशी भरलेले अल्जिनेटचे मणी अशा मुलांच्या पोटाच्या पोकळीत सोडले. आठ मुलांचा अनुभव त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. चौघांना प्रत्यारोपण लागलंच नाही, तिघांना यकृत मिळेपर्यंत वेळ मिळाला. पेशी परक्या असूनही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली नाहीत. तुलनेसाठी मणी न दिलेला गट नव्हता, त्यामुळे चौघं मण्यांमुळे बरी झाली की एरवीही झाली असती, हे यावरून सांगता येत नाही. उपचार सुरक्षित दिसतो, एवढं नक्की.

इथे अडतं ते पेशींच्या पुरवठ्यावर. चांगलं यकृत प्रत्यारोपणाला जातं आणि पेशी काढायला उरतं ते नाकारलेलं, अनेकदा चरबी साठलेलं. म्हणून लंडनमधल्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये क्लेअर सेल्डन यांनी हेपजी-२ ही पेशीवंशावळ निवडली. अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीतून १९७० च्या दशकात निघालेल्या या पेशी जगभर वाढवल्या जातात आणि दुणावायला त्यांना कंटाळा नाही. अल्जिनेटच्या मण्यात एकेका पेशीपासून गोळा तयार होतो आणि बशीत सपाट असताना केलेल्या कामापेक्षा बरंच जास्त काम तो करतो. हे मणी शरीरात घालत नाहीत; शरीराबाहेरच्या नळकांड्यात ते खालून येणाऱ्या प्रवाहावर तरंगत ठेवतात आणि रुग्णाचा रक्तद्रव त्यातून फिरवायचा, अशी योजना आहे. गाठीची पेशी वापरण्याची किंमतही आहे: अमोनियाचा युरिया करणाऱ्या साखळीतली काही विकरं हेपजी-२ मध्ये नाहीत, आणि यकृत बंद पडल्यावर मेंदूला सगळ्यात जास्त त्रास देतो तो अमोनियाच. मुंबईच्या आयआयटीत प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने मण्यांऐवजी डायलिसिसच्या यंत्रात असतात तशा पोकळ तंतूंच्या पडद्यांवर यकृतपेशी वाढवण्याचं काम केलं. तिथेही प्रश्न तोच होता, पडद्याचा पृष्ठभाग पेशीला आवडेल असा कसा करायचा.

एका पदार्थाबद्दल मात्र सगळ्यांचीच कुरकुर असते, आणि वापरतातही सगळे. मॅट्रिजेल हे उंदराच्या एका गाठीतून काढलेलं प्रथिनांचं मिश्रण. फ्रीजमध्ये पातळ, ऊब लागली की घट्ट. त्यामुळे पिपेटची टोकंसुद्धा गार करून घ्यावी लागतात, नाहीतर ते टोकातच गोठतं. यकृताचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या इवल्या प्रतिकृती, त्यात सुरेख वाढतात. पण दर बाटलीगणिक ते थोडं वेगळं निघतं, आणि उंदराच्या गाठीत वाढलेलं काही रुग्णाला देता येत नाही. औषधचाचणीसाठी हा वेगळेपणा आता जास्तच खुपणार आहे, कारण भारतातही २०२३ च्या नियमदुरुस्तीने प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड आणि चिपवरचे अवयव यांसारख्या पद्धतींना जागा दिली आहे. नियामकापुढे ठेवायचा निकाल बाटलीवर अवलंबून असून चालत नाही. अल्जिनेट किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉलसारखं नेमकं घडण असलेलं जेल इथे पुन्हा वर येतं.

आणि अशा जेलचा कडकपणा ठरवता येत असेल, तर तो मुद्दाम बिघडवताही येतो. पेनसिल्वेनिया विद्यापीठात जेसन बर्डिक आणि रिबेका वेल्स यांच्या गटांनी यकृतातल्या तारकापेशी मऊ जेलवर ठेवल्या आणि मग प्रकाशाने तेच जेल त्यांच्या खाली कडक केलं. निरोगी यकृतात या पेशी जीवनसत्त्व अ साठवून गप्प बसलेल्या असतात; कडक जेलवर त्या पसरल्या आणि व्रणाचे तंतू विणणाऱ्या पेशींचं रूप घेऊ लागल्या. म्हणजे व्रण हा नुसता आजाराचा परिणाम नाही, तो पुढचा व्रणही ओढवून आणतो. उलट दिशेचे, हळूहळू मऊ होत जाणारे जेलही बनले आणि त्यांवर पेशी पुन्हा गोळा होऊन शांत रूपाकडे झुकल्या. फॅटी लिव्हरमधून वाढत गेलेल्या व्रणांवर अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं ते मार्च २०२४ मध्ये, त्यामुळे असल्या जेलवर पुढची औषधं पारखून घ्यायला सध्या पुष्कळ कंपन्या उत्सुक आहेत. अडचण काळाची आहे. रुग्णाच्या यकृताला असं कडक व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. बशीत तेच काही दिवसांत घडवून आणावं लागतं, आणि त्यातून मिळालेलं उत्तर दहा-वीस वर्षांच्या व्रणाला किती लागू पडतं, हे प्रत्येक औषधाच्या बाबतीत वेगळं तपासावं लागतं.